तीन घाव, एक फुंकर

सोजरमावशी कुसाळकरांनी पहिल्या भेटीत मला विचारलं होतं, "ओकबाई, तुमच्या घरी पाटा हाय का?"

माझ्याकडे लेझरवर चालणारं यंत्र होतं, परदेशी नियतकालिकांत छापून आलेले सात निबंध होते, आणि कीटकशास्त्रातली डॉक्टरेट होती. पाटा नव्हता. मिक्सर आहे असं सांगितल्यावर मावशींनी ज्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं, तसं माझ्या प्रबंधाच्या परीक्षकांनीही पाहिलं नव्हतं.

मावशी पाथरवटाच्या. पाटा किंवा जातं वापरून गुळगुळीत झालं की त्यावर छिन्नीनं बारीक खाचा पाडाव्या लागतात, म्हणजे वाटण पुन्हा नीट वाटलं जातं. त्या छिन्नीला टाकी म्हणतात. वयाच्या नवव्या वर्षापासून मावशी गावोगाव "टाकी लावायची का टाकी" म्हणत हिंडल्या. दोन हजार एकेचाळीस साली मी त्यांना भेटले तेव्हा त्या पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या आणि तालुक्यात पाटे उरले होते मोजून तीस-चाळीस. हात मात्र रिकामा बसायला शिकला नव्हता.

मी निवळीच्या ओढ्याकाठी आले होते पाषाणमाशीसाठी. हे नाव आम्ही कागदावर दिलेलं. लोकांनी तिला नाव दिलं नव्हतं, कारण तिनं कधी कुणाचं काही बिघडवलं नाही. ती चावत नाही, पिकावर पडत नाही. वर्षभर तिची पिल्लं ओढ्यातल्या दगडांखाली राहतात. त्यांना पाणी थंड, वाहतं आणि निर्मळ लागतं. पाणी बिघडलं की सगळ्यांत आधी हीच मरते. पौष-माघात पिल्लं दगडावर चढतात, कात टाकतात आणि पंख घेऊन बाहेर येतात. मग आयुष्य उरतं आठ-दहा दिवसांचं, आणि तेवढ्यात जोडीदार शोधायचा असतो.

तो शोध मोठा मजेशीर आहे. काठावरच्या वाळक्या कारवीच्या काटकीवर नर बसतो आणि पोटाचं टोक काटकीवर आपटतो. भरभर नऊ-दहा ठोके. आपल्या कानांना काही ऐकू येत नाही, कारण निरोप हवेतून जातच नाही. काटकी कंप पावते आणि तो कंप झुडूपभर पसरतो. जवळपास कुमारी मादी असेल तर तिच्या पायांना तो कळतो. ती सावकाश सहा ठोके देऊन उत्तर देते. नर त्या दिशेनं चार पावलं चालतो, थांबतो, पुन्हा विचारतो. पुन्हा उत्तर. असं विचारत विचारत तो तिच्यापर्यंत पोचतो. एकदा मीलन झालं की मादी पुन्हा जन्मात कुणाला उत्तर देत नाही. म्हणजे नराची हाक, मादीचं उत्तर आणि अधिक जवळून आलेली नराची दुसरी हाक, एवढं ऐकू आलं की एक जोडी जमली असं धरायचं. ज्या ओढ्यावर अशा जोड्या भरपूर, तो ओढा जिवंत.

हे ऐकणारं यंत्र मी केलं होतं. बोटभर रुंदीची चकती काटकीला चिकटवायची, ती कंप टिपते आणि माझ्या पडद्यावर रेघा उमटतात. यंत्राचं नाव ऐकपाटी. अडचण एकच होती. पान गळलं, मुंगी धावली, दव टपकलं, तरी रेघा उमटत. माशी कोणती आणि मुंगी कोणती हे यंत्राला कुणीतरी शिकवायला हवं होतं, आणि ते मलाच येत नव्हतं.

मावशी धुणं घेऊन आल्या होत्या. मी काय करते ते थोडा वेळ पाहून त्यांनी उजव्या हाताच्या बोटाचं नख कारवीवर टेकवलं.

"ह्यो गडी बोलला," त्या म्हणाल्या. "थांबा. आता बाई बोलंल."

क्षणभरानं पडद्यावर सहा रेघा उमटल्या.

"मावशी, हे तुम्हाला कसं कळतं?"

"दगड आतनं फुटका हाय का सलग, ते कसं कळतं? टाकी टेकवायची, बोटाला कळतं. तुमी जरा गप बसा, गडी परत बोलतोय."

त्या हंगामात मावशींनी अकरा हजार ठोके ओळखून दिले आणि यंत्र त्यांवर शिकलं. यंत्राला मी कान दिला, असं मी निबंधात लिहिलं. कान मावशींचा होता. निबंधाच्या शेवटी आभार मानले होते, तेही चुकीच्या आडनावानं.

त्या वर्षी निवळीवर तीनशे बारा जोड्या जमल्या. पुढे ऐकपाटी साठ ओढ्यांवर लागली आणि सरकारनं नियम केला. हंगामात शंभर जोड्या जमल्या तर तो 'जिवंत ओढा', त्याला कुणी हात लावायचा नाही. शंभराच्या खाली गेला तर तो यादीतून बाद, आणि त्याचं पाणी नळानं उचलायला मोकळीक. निवळीच्या बाबतीत नळ कुठे जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. वर पठारावर हॉटेलं होती, आणि खाली ओढ्याच्या पाण्यावर मावशींची बावीस घरांची वस्ती होती. पाणी वर गेलं की वस्ती उठणार.

ओढा यादीत आल्याबद्दल वस्तीला बक्षीस मिळालं. उन्हावर चालणारी पाण्याची मोटार. तिची कळ दाबायचं काम मावशींच्या यजमानांकडे, नामदेवभाऊंकडे आलं. उभा जन्म दगड फोडल्यानं त्यांची छाती धुळीनं भरलेली होती. घागर उचलणं सोडा, दहा पावलं चाललं की बसावं लागे. मोटार आली आणि हा माणूस रोज सकाळी अंघोळ करून, टोपी घालून कामावर जाऊ लागला. मोटारीची गुणगुण माझ्या चकत्यांतही येऊ लागली. ती मी यंत्रातून गाळून टाकली. एका दुपारचं काम होतं, फार सोपं. तेव्हा मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

दुसऱ्या हंगामात दोनशे ब्याण्णव जोड्या जमल्या. मावशी आता पगारी राखणदार होत्या. चकत्या पुसायच्या, वाळक्या काटक्या बदलायच्या, नख टेकवून यंत्र बरोबर आहे ना ते पाहायचं. मी पुण्यात बसून आकडे बघत होते आणि भाषणं देत होते.

तिसऱ्या माघात मी निवळीला गेले ती पाटा घेऊन. आईचं घर आवरताना माळ्यावर तो सापडला होता. मधोमध इतका गुळगुळीत झालेला की त्यावर मिरचीही घसरावी.

वस्तीवर जाण्याआधी सवयीनं ओढ्यात उतरले आणि दगड उलटले. दोन वर्षांपूर्वी दगडामागे दहा-बारा पिल्लं सापडत. आता एखादं. पुढचे आठ दगड तर रिकामे. मी पडदा उघडला. हंगाम अर्ध्यावर आणि जोड्या एकशे चाळीस. वर लगीनघाई आणि खाली पाळणे रिकामे, हे काही जुळेना. नोंदी चाळताना आणखी एक विचित्र गोष्ट दिसली. सात नंबरच्या चकतीपाशी एक मादी सलग अकरा दिवस उत्तर देत होती. रोज नर तिच्यापर्यंत येत होते आणि रोज ती पुन्हा कुमारी होती.

यंत्र बिघडलं असेल म्हणून मी एक सुटी चकती घेऊन मावशींच्या ओट्यावर बसले. मावशींनी पाटा पाहिला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी तो आधीच का आणला नाही असं मला वाटलं.

"लई छान दगुड हाय," त्या म्हणाल्या. पाटा मांडीपाशी ओढून त्यांनी टाकी हातात घेतली. "तुमच्या आईनं लई राबवलाय."

ठक, ठक, ठक. फुंकर. ठक, ठक, ठक. फुंकर.

मी चकती ओट्यावर ठेवून पडदा पाहत होते. पडद्यावर अक्षरं उमटली : मादी. थोड्या वेळानं पुन्हा : मादी. खात्री चौऱ्याण्णव टक्के.

यंत्र आवाज किती मोठा ते पाहत नाही, दोन ठोक्यांमधलं अंतर पाहतं. मी सात नंबरच्या मादीची नोंद उघडून मोठी केली. सहा ठोके. पण तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये किंचित जास्त जागा होती, एका छोट्या श्वासाएवढी. मग पहिल्या वर्षीच्या खऱ्या माद्या पाहिल्या. त्यांचे सहाही ठोके एका अंतरावर होते.

"मावशी," मी विचारलं, "तुम्ही मधे फुंकर का घालता?"

"धूळ उडवाया. न्हायतर टाकी कुठं बसली ते दिसत न्हाय."

"मग काटकीवर कुठली धूळ असते?"

मावशींचा हात वरच राहिला. मग त्यांनी टाकी पाट्यावर आडवी ठेवली, अगदी आवाज न करता.

आत नामदेवभाऊ खोकत होते.

"गेल्या साली मोजणी सुरू झाली," मावशी म्हणाल्या, "आन पंध्रा दिस एक बी बाई उत्तर दीना. गडी वाजवून वाजवून निगून जायाचं. मी रोज नख टेकवून बसायची. मनात म्हनलं, ही शंभर भरत न्हाईत. ओढा मेला आसं लिवतील. माज्या आज्याची वस्ती खाणीनं उठवली, सासऱ्याची धरणानं. आता ह्या माणसाला घिऊन म्या कुठं जाऊ? एक दिस गड्यानं हाक दिली, आन माजं नख आपसूक हललं. तुमच्या यंत्रानं जोडी लिवली."

"एकदाच?"

"एकदा. मग रोज."

"आणि तो नर?"

मावशींनी पदर तोंडाला लावला. "यायचा की. विचारत विचारत यायचा आन माज्या नखावर हुबा ऱ्हायचा. हिकडं बगायचा, तिकडं बगायचा. मला त्येची लाज वाटायची, बाई. मी त्येला पानावर उचलून पल्याडल्या काटकीवर सोडायची. म्हनायची, जा बाबा, हितं कोण न्हाय."

मी रागावले. खोटं कशाला सांगू, मला त्यांची दया नंतर आली, राग आधी आला. "त्याला आठ दिवसांचं आयुष्य असतं," मी म्हणाले. "त्यातले तीन दिवस तुमच्या नखापर्यंत चालण्यात गेले. म्हणून दगडाखाली पिल्लं नाहीत. ओढा वाचवता वाचवता तुम्हीच तो मारत होतात."

"बाया उत्तर दीनात त्येला म्या काय करू?" मावशीही चिडल्या. "माज्या नखानं थोड्याच गप केल्या त्या?"

हा प्रश्न बरोबर होता. मी गेल्या वर्षीच्या नोंदी ओट्यावरच उघडल्या, आणि जे दिसलं ते पाहून माझा राग जागच्या जागी विरला. माद्या उत्तर देत होत्या. पहिल्या दिवसापासून देत होत्या. यंत्राला ती उत्तरं स्वच्छ ऐकू आली होती. फक्त नराची दुसरी हाक कुठेच नव्हती. मादीनं उत्तर द्यावं आणि नरानं बहिऱ्यासारखं निघून जावं, असं शेकडो वेळा घडलं होतं.

"मावशी, तुमच्या नखाला ही उत्तरं कळली नाहीत?"

"न्हाय. पैल्या साली कळायची. आताशा मोटार चालू आसली की बोटाला मुंग्या आल्यागत हुतंय, दुसरं काय कळंना."

मी पडदा खाली ठेवला. मोटारीची गुणगुण मी यंत्रातून गाळली होती. जमिनीतून, मुळांतून कारवीत चढणारी ती गुणगुण नेमकी मादीच्या ठोक्यांच्याच पट्टीतली होती; तिच्यातून मावशींच्या नखाचा जोरकस ठोका तेवढा नरापर्यंत पोचत होता. माझ्या यंत्राला ती ऐकू येऊ नये अशी व्यवस्था मी एका दुपारी केली. माशीच्या पायांसाठी कुणी काय व्यवस्था केली होती? यंत्राला सगळं छान ऐकू येत होतं आणि ज्यांच्यासाठी ते ठोके होते त्यांना काहीच नाही. आणि हे मला गेल्या वर्षीच कळलं असतं, आकडा पडला असता तर. मावशींच्या नखानं तो पडू दिला नव्हता.

आम्ही नामदेवभाऊंना उठवलं. ते काठी टेकत आले आणि कळ बंद केली. आम्ही दोघी सात नंबरच्या कारवीपाशी बसलो. अर्धा तास गेला असेल. मावशींचं नख काटकीवर होतं.

"गडी," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांचे डोळे मोठे झाले. "बाई. ओकबाई, बाई बोलली." आणि मग, "गडी परत बोलला. जवळनं."

बक्षीस म्हणून आलेली मोटार ओढ्याला बहिरं करत होती. मावशी तिथंच पदरात तोंड घालून रडू लागल्या. मीही रडले.

ही गोष्ट आम्हा दोघींनाच माहीत होती. मोटार गुपचूप बंद ठेवायची, जुने आकडे तसेच राहू द्यायचे, पुढच्या वर्षी माशा वाढल्या की झालं. कुणाला पत्ता लागला नसता. खरं लिहिलं तर निवळी यादीतून जाणार, मावशींचं काम जाणार, आणि साठ ओढ्यांवरचं माझं यंत्र संशयात येणार. मी रात्र त्यांच्याच घरी काढली आणि छताकडे पाहत राहिले. आजूबाजूच्या साठ ओढ्यांपैकी किती ठिकाणी बक्षीस म्हणून मोटारी बसल्या असतील, हा विचार काही केल्या जाईना.

सकाळी मावशींनी चहा पुढ्यात ठेवला. "लिवा," त्या म्हणाल्या. "सोजर कुसाळकरनं नखानं वाजवलं, आसं लिवा."

"आणि मी मोटार गाळली ते?"

"ते तुमचं तुमी लिवा. मी माजं सांगितलं."

नामदेवभाऊ उंबऱ्यात बसले होते. "म्हंजे मोटार बंद. मग आता मी बी बंद का?"

"तुमी कवा चालू हुता," मावशी म्हणाल्या, आणि कालपासून पहिल्यांदा हसल्या. "माशी हाय तवर कोण कळ दाबाया आलं तर त्येला हाकलायचं. बंद ठेवाया बी माणूस लागतंय."

मी दोन्ही लिहिलं. खाली आम्ही दोघींनी सह्या केल्या. मावशींची नखं वजा केल्यावर त्या हंगामाच्या जोड्या उरल्या अडतीस. ओढा समितीचे फडतरे नावाचे अधिकारी होते, कोरडे, नाकावर चष्मा, बोलताना कागदाकडे पाहणारे. त्यांनी यंत्राची सगळी मापं तपासायला लावली आणि निवळीला एकच हंगाम दिला. पुढच्या हंगामात, मोटार बंद ठेवून, शंभर जोड्या. नाही तर नळ.

"आणि राखणदार बदला," ते म्हणाले.

"दुसरा राखणदार कुठून आणू?" मी म्हणाले. "यंत्र त्यांच्याकडूनच शिकलंय. हवं तर चाळीस दिवस मी शेजारी बसते."

त्यांनी कागदावर 'राखणदार त्याच' असा शेरा मारला. वस्तीवरून निघताना मावशींनी पाटा परत नेऊ दिला नाही. अर्ध्याला टाकी लावून झाली होती, अर्धा तसाच गुळगुळीत होता. "ह्ये काम अर्धं हाय," त्या म्हणाल्या. "ओढ्याचं झाल्याबिगर म्या त्याला हात लावायची न्हाय."

पुढच्या वर्षी पौषातच, मोजणी सुरू होताना, मी सुट्टी काढून वस्तीवर राहायला गेले. यंत्राला आता फुंकर ओळखता येत होती. तिसऱ्या ठोक्यानंतर अंतर वाढलं तर ते उत्तर बाद. हे मी मावशींना सांगितलं तेव्हा त्यांनी माझी कीव केली.

"फुंकर सोडाया मला किती येळ लागंल, बाई? एक सकाळ."

म्हणजे यंत्राचा काही उपयोग नव्हता. सगळं मावशींवर होतं.

बावीस घरांतल्या बाया पहाटे घागरी घेऊन ओढ्यावर येत आणि चढण चढून जात. मोटारीची सवय झाल्यावर पुन्हा डोक्यावर पाणी घेणं किती जड जातं ते त्यांच्या माना सांगत होत्या. मी मोटारीखाली रबराची जाड बैठक बसवून पाहिली. गुणगुण कमी झाली, गेली नाही. ती उन्हावर चालणारी असल्यानं अंधारात चालवायचीही सोय नव्हती, आणि माशा तर ऊन असेपर्यंतच बोलतात. एखादी बाई वैतागून म्हणे, "एका माशीच्या लग्नापायी आमची मान मोडली." पण कळ दाबायला कुणी आलं नाही. आलं असतं तरी तिथं नामदेवभाऊ टोपी घालून बसलेले होते.

पहिल्या दहा दिवसांत सहा जोड्या. विसाव्या दिवशी एकतीस. मग ऊन तापलं, पिल्लं एकदम वर आली आणि तिसाव्या दिवशी चौऱ्याहत्तर. मी रोज बोटं मोजत होते. मावशी मात्र आकडा विचारायच्या नाहीत. नख काटकीवर टेकवून बसत आणि दुसरं काही करायला नको म्हणून उजवा हात मांडीखाली दाबून ठेवत. डाव्या नखानं ऐकत.

नियमाप्रमाणे मोजणी महाशिवरात्रीच्या दिवशी ऊन मावळलं की बंद. त्या सकाळी पडद्यावर सत्त्याण्णव होते. मावशींचा उपास होता. आम्ही उकडलेली रताळी खाऊन सात नंबरपाशी बसलो. दहाच्या सुमाराला चार नंबरवर एक जोडी जमली. अठ्ठ्याण्णव. मग दुपारपर्यंत काही नाही. हंगाम सरत आला होता. माशा संपत आल्या होत्या.

तीन वाजता दोन नंबरवर आणखी एक. नव्व्याण्णव. मी पडदा मावशींच्या समोर धरला. त्यांनी पाहिलं आणि मान वळवली.

ऊन ओढ्याच्या पलीकडच्या काठावर गेलं होतं. अर्धा तास उरला असेल. तेवढ्यात आमच्याच काटकीवर, मावशींच्या नखापासून वीतभर अंतरावर, एक नर येऊन बसला. राखाडी, पंख पाठीवर घडी घातलेले. त्यानं पोट आपटलं.

"गडी," मावशी म्हणाल्या.

उत्तर आलं नाही. तो थांबला. पुन्हा हाक दिली. सहा ठोके. सहा ठोके नखानं द्यायचे, फुंकर सोडून, आणि बावीस घरं जागेवर राहणार. मी सत्याची मोठी पाईक, अहवाल लिहिणारी, शेजारी बसून राखण करणारी. पण त्या क्षणी मला मनापासून वाटत होतं की मावशींनी वाजवावं. मी तोंडानं काही बोलले नाही, एवढंच माझं पुण्य. त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर माझ्या डोळ्यांत त्यांना ते दिसलं असतं. त्यांनी पाहिलं नाही.

नर काटकीवरून चालू लागला. मावशींच्या नखापाशी आला, नखावर चढला. तिथं उभा राहून त्यानं तिसऱ्यांदा हाक दिली, थेट त्यांच्या नखावर. मावशींनी उजवा हात मांडीखाली आणखी आत दाबला. डावं बोट मात्र हललं नाही.

"न्हाय रे बाबा," त्या म्हणाल्या. "म्या न्हाय."

नर थोडा वेळ थांबला. मग नखावरून उतरून पुढच्या काटकीवर गेला, तिथून उडाला आणि पाण्यावरून पलीकडे दिसेनासा झाला. ऊन काठावरून वर सरकत टेकडीवर गेलं. मी पडदा बंद केला.

"किती?" चाळीस दिवसांत मावशींनी पहिल्यांदाच विचारलं.

"नव्व्याण्णव."

"मग नव्व्याण्णव लिवा," त्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

समितीपुढे फडतरेसाहेबांनी कागद दोनदा वाचला.

"नव्व्याण्णव," ते म्हणाले. "एक कमी."

"हो."

"शेवटच्या दिवशी राखणदार कुठे होत्या?"

"काटकीपाशीच," मावशी म्हणाल्या. "सात नंबरवर."

"नर आला होता?"

"आला हुता. माज्या नखावर हुबा हुता."

"मग?"

"मग गेला."

फडतरेसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी त्यांना पहिल्यांदाच कागदाऐवजी माणसाकडे पाहताना पाहत होते. "माझी एकतीस वर्षं आकडे तपासण्यात गेली," ते म्हणाले. "खोटे आकडे पुष्कळ पाहिले. एकशे एक पाहिले, एकशे दहा पाहिले. मागे तुमचेच दोनशे ब्याण्णव पाहिले. नव्व्याण्णववर थांबलेला खोटा आकडा मी अजून पाहिला नाही." त्यांनी नियमांचं पुस्तक ओढलं. "यंत्राची चूक दोन टक्के धरावी असं यात लिहिलंय. ती ओढ्याच्या बाजूनं धरायची की विरुद्ध, ते ठरवायचा अधिकार मला आहे. आजवर मी कधी कुणाच्या बाजूनं धरली नव्हती." त्यांनी सही केली. "हंगामात मोटार बंद. दर वर्षी. पुढच्या वेळी दीडशे आणा."

मावशींनी हात जोडले.

आम्ही वस्तीवर पोचलो तेव्हा नामदेवभाऊ मोटारीपाशीच बसले होते. मावशींनी नुसती मान डोलावली. माशीचा हंगाम संपला होता. भाऊंनी टोपी नीट केली, उभे राहिले आणि कळ दाबली. वर टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला आणि बाया घागरी घेऊन घराबाहेर आल्या.

मावशींनी घरातून आईचा पाटा आणला आणि ओट्यावर मांडला. अर्धा खरबरीत, अर्धा गुळगुळीत. गुळगुळीत भागावर त्यांनी बोट फिरवलं, टाकी लावली आणि हातोडीचे तीन घाव घातले.

मग त्या थांबल्या. फुंकर घातली नाही. पाट्यावर पांढरी धूळ तशीच होती. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

मी खाली वाकले आणि फुंकर घातली.